रेणूचं माप

रेणू,

आज दुकान उघडलं. तुझी माय म्हणे, उघडा, घरात बसून भिंतीकडे पाहून राह्यले नुसते. मंग उघडलं. बायका आल्या, ब्लाउजाचं कापड टेबलावर ठेवलं, माप देलं अन् गेल्या. कोणी बोललं नाही. आपल्या बेला गावची बाई टेलरच्या दुकानात येऊन मुकाट्यानं माप देऊन जाते म्हणजे काय झालं असंल, ते तुले सांगाले नोको. तू असती तं म्हणली असती, "बाबा, आज सारं गाव संपावर गेलं का?"

मले राग आला. कोणाचा, ते मालूम नाही. सध्या साऱ्यांचाच येते. लाइटीचा येते, फोनचा येते, शेजारच्या लेकरायच्या खिदळण्याचा येते. धागा तुटला तं मी मशीनीले शिवी देली. अन् सगळ्यात जास्त राग येते तो "सुटली बिचारी" म्हणणाऱ्यायचा. अरे, सुटली म्हणजे काय? आदिलाबादच्या दवाखान्यात त्या सकाळी छातीतला कफ काही केल्या निंघेना, नळी लावली तरी निंघेना, तेव्हा तुझी वाकडी बोटं माझ्या बोटात अडकवून तू पडली होती. संपल्यावर ती बोटं नर्सनं सोडवली, मले सोडवता आली नाही. ज्याले सुटायचं असते तो असं धरून ठेवते का? पण लोकायसंग कोण भांडंल. मी हात जोडतो अन् चहा मागवतो.

पण मी लिहाले बसलो ते ह्याच्यासाठी नाही. तुझ्या आत्यानं तिच्या पोरासाठी, गजूसाठी, तुझ्या वंदीताईले मागितलं. अन् कधी मागावं? तुझ्या तेरवीले. लोकं पंगतीतून उठले नव्हते अजून. जवळ आली, पदरानं डोळे पुसले अन् म्हणे, "भाऊ, मनात काही ठेवू नोको. घरात असं झालं का वर्षाच्या आत लगन उरकलं तं चांगलं असते. तुह्या वंदीले मी लहानपणापासून आमच्या गजूसाठी धरून हावो. घरातली पोरगी घरात राहीन. माया राहते."

मी म्हणलं, येत्या रविवारी सांगतो.

माझ्या बहिणीले मी आजपर्यंत कधी "सांगतो" म्हणलो नाही. ती म्हणे त्याले मी हो म्हणो. आमची माय गेली तेव्हा मी लहान, तिनंच मले आंघोळ घातली, जेवू घातलं, टेलरिंगले बसवलं, अन् पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात, तिच्या घरी नांदून इकडे माझं लगनही तिनंच जमवलं. मामाच्या घरी. तुझी माय म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची पोरगी. आपल्याकडे ह्याच्यात नवल काय? उलट बाहेरची केली का लोकं विचारतात, काऊन गा, मामानं देली नाही का?

रविवार येऊन राह्यला, अन् मले रोज तूच आठवून राह्यली. म्हणजे तशी तं रोजच आठवते, पण आता तुझं भांडण आठवते.

तू झाली तं दवाखान्यातली नर्स म्हणे, "बाप रे, येवढं मोठं लेकरू!" सहा महिन्याची असताना तू वर्षाची दिसे. डोकं मोठं, गाल भरलेले, मांड्यायले वळ्या. अंगणवाडीत सुदृढ बालकाचा पहिला नंबर तुझा आला, स्टीलचा डबा भेटला, तो डबा आत्यानं इथं येऊन गावभर फिरवला. कोणी "बम गुटगुटीत हाये व" म्हणलं का ती मीठ-मोहरी ओवाळून टाके. अन् मी टेलर माणूस. तुझ्या झबल्याले मी दोन्ही बाजूनं बोटभर माया ठेवो. तुले हे तोंडपाठ हाये, पण उद्या दुसऱ्या कोणी हे वाचलं तं त्याले सांगा लागंन. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, अंग वाढलं का उसवून ढिलं करता यावं म्हणून, त्याले आमी माया म्हणतो. तुझी माया महिन्याभरात संपे. इकडे उसवली का तिकडे संपली. मी गिऱ्हाइकायले सांगो, आमची पोरगी बापाची माया टिकूच देत नाही. मोठ्यानं सांगो, बाहेर रस्त्यावर जाईन असं.

ते बाळसं नव्हतं, रेणू. तीच पहिली खूण होती. पण येवढं धष्टपुष्ट लेकरू पाहून कोणता बाप घाबरते?

तीन वर्षाची झाली तेव्हा फ्राकातली माया उरली. मी म्हणलं, पोरगी दम घेऊन राह्यली, पुढच्या दिवाळीपर्यंत एकदम उंच होईन. पुढच्या दिवाळीले उंची तेवढीच, पण छातीत तंग, पोटात तंग, बाहीच्या मुंढ्यातून हात जाईना. मले वाटलं टेपच खराब झाली. जुनी टेप ताणली जाते अन् मंग माप कमी दाखवते, हे खरं हाये. मी नवीन टेप आणली. नवीन टेपनंही तेवढंच भरलं. मंग मी दुकानदाराले जाऊन भांडलो का तुझ्या टेपा डुप्लिकेट हायेत. तो म्हणे, "भाऊ, काय झालं तुमाले?" काय सांगू त्याले. तुझी ताई भराभर वाढून राह्यली होती त्याच टेपनं.

त्याच्यानंतर तुझं अंग उंचीले सोडून बाकी सगळीकडे बदललं. नाक बसलं, ओठ जाड झाले, बेंबी बाहेर आली, बोटं आत वळू लागली, खांदे वर जाईनात. डोक्यावरून फ्राक घालाले हात उचलला जाईना तं तू रडे. म्हणून मी तुझे सगळे कपडे समोरून उघडे करून टिचबटणं लावली. तू ती बटणं एकेक करून लावे, त्याले घंटाभर लागे, अन् कोणी मदतीले आलं का वसकन अंगावर जाये. तुझ्या मायनं एकदा घाईत लावून देली तं तू सारी उघडली अन् पुन्हा पहिल्यापासून लावली. शाळेची बस निंघून गेली. मी तुले मोटरसायकलवर सोडलं, अन् वाटंनं आपण दोघंही मायवर हासत गेलो.

आदिलाबादच्या डॉक्टरानं कागद लिहून देला अन् आपण हैदराबादले गेलो. ती डॉक्टरीण बाई तुझी ताई आज हाये त्याच्यापेक्षा थोडी मोठी असंल. तिनं तुझे हात पाह्यले, डोळ्यात बॅटरी मारली, अन् मले विचारलं, "रिश्तेदारी में शादी हुई है क्या?" मी छाती फुगवून म्हणलं, "हाँ मॅडम, घर की लड़की है. सगे मामा की. बाहर की नहीं." मले वाटलं, ती म्हणंन, चांगलं केलं, चांगल्या घरचे दिसता. तिनं नुसतं लिहून घेतलं.

रक्ताचा निकाल आल्यावर तिनं आमाले बसवून समजावलं. शरीरात जो कचरा होते तो झाडून काढणारं एक रसायन असते, ते तुझ्या अंगात बनत नाही. कचरा हाडात साचते, सांध्यात साचते, काळजात साचते. म्हणून आधी लेकरू मोठं दिसते, मंग वाढ मंदावते, मंग थांबते. माझ्यात एक दोष दडलेला, तुझ्या मायच्यात तोच दोष दडलेला, आमाले दोघायले काहीच झालं नाही. पण दोन्हीकडून तुले आला. रक्ताच्या नात्यात सोयरीक असली का दोघापाशी एकच दोष निंघायची भीती जास्त. ती हे लय हळू बोलली. तुझी माय हैदराबादपासून आदिलाबादपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत बसली, पाणीही प्याली नाही. मी तिले जेव म्हणलं तं म्हणे, "माझं पोट घेऊन काय करता?" आमच्यात ह्या गोष्टीवर त्याच्यानंतर बोलणं झालं नाही, इतके वर्षं.

पण तू मात्र त्या दिवशी खूश होती. मॅडमनं दोन चार्ट दाखवले. एकावर साध्या लेकरायच्या वाढीच्या रेघा, त्याच्यात तुझा ठिपका पार खाली, रेघांच्या बाहेर. दुसरा चार्ट तुझ्यासारख्या लेकरायचा. त्याच्यातल्या रेघा सुरुवातीले चांगल्या चढतात अन् मंग सपाटीले लागतात. मॅडम म्हणे, ह्या लेकरायले ह्याच चार्टवर पाहा लागते, अन् ह्याच्यावर तुमची पोरगी चांगली हाये, मधल्या रेघेच्या वर हाये. तू खुर्चीतून विचारलं, "म्हणजे आमच्यात मी उंच हावो?" मॅडम म्हणली, "हाँ बेटा, बहुत अच्छी हाइट है." तू माझ्याकडे असं पाह्यलं का विचारू नोको. पूर्ण बेल्यात तू बुटकी, अन् आदिलाबादेत बुटकी, पण कुठंतरी एक वर्ग असा होता का तू तिथं मागच्या ओळीत उभी राह्यली असती.

मंग बाहेर बाकड्यावर ती पोरगी भेटली. श्रावणी. करीमनगरकडची, बोलणं सारं तेलुगू. तुझंच नाक, तुझेच ओठ, तुझेच हात, तुझंच पोट. चहावाला म्हणे, बहिणी बहिणी हायेत का? तिच्या मायनं अन् तुझ्या मायनं एकमेकीकडे पाह्यलं अन् दोघी रडाले लागल्या. तुमाले काही रडू नाही. तुमी पाठीले पाठ लावून उभ्या राह्यल्या अन् तू मले हुकूम देला, "बाबा, टेप काढा." मी भर वऱ्हांड्यात दोघींची मापं घेतली. ती तुझ्यापेक्षा उलीशी उंच भरली. तू तिले तेलुगूत म्हणली, "नुव्वे फस्ट," तूच पहिली. अन् इतकी हासली का खोकला लागला. घरी येऊन लय दिवस तू विचारे, बाबा, श्रावणीचा फोन नंबर काऊन नाही घेतला? आपल्याले सुचलंच नाही कोणाले.

औषध हाये म्हणे. मॅडमनंच सांगितलं. बाहेर देशातून येते, दर हप्त्याले सलाइनमधून द्या लागते, जन्मभर. आपल्यासारख्याच्या हातातलं नाही, पण अर्ज करा, मी लिहून देतो म्हणली. अर्ज केले. येईन म्हणत राह्यलो. ते औषध तुले एकदाही भेटलं नाही अन् मले आजही त्याचं नाव नीट उच्चारता येत नाही.

तू नववीत गेली तेव्हा माझ्यासंग कडाक्याचं भांडली. "मले हे अस्वल-ससेवाले फ्राक नोको. मी नववीत हावो." माप पाच वर्षाच्या लेकराचं, तं कापडही मी तसंच आणो, माझं डोकं तिकडेच जाये. तुझ्या वर्गातल्या पोरी सणाले लंगा-ओणी, म्हणजे घेरदार परकर अन् वरून ओढणी, घालत, ते तुले पाह्यजे होतं. मी म्हणलं, बरं. जांभळा लंगा, पिवळं ब्लाउज, समोरून टिचबटणं, ओणी खांद्यावरून घसरू नये म्हणून आतून टाका. लय बायकायचे ब्लाउज शिवले मी, पण तसं काम कोणासाठी केलं नाही. तू अंगात घातलं, आरशात पाह्यलं, अन् मंग वाकड्या बोटानं लंग्याची दुमड चाचपली.

"बाबा, इथं जाड लागते. काय हाये?"

"काही नाही."

"माया ठेवली तुमी."

"ठेवा लागते. रीत हाये."

"कोणासाठी ठेवता? मी सपाटीले लागली. चार्ट पाह्यला ना तुमी?"

"टेलर कोण हाये, तू का मी?"

"अन् अंग कोणाचं हाये, माझं का तुमचं? काढून टाका, लंगा भारी लागते मले. पाय अडकते."

मी काढली नाही. मी म्हणलं, काढतो, अन् काढली नाही. तू पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हणलं, काढतो. चार बोटं कापड बाई, त्याच्यानं काय होते. पण मले ते कापता येईना. दुकानात मी कोणाचंही कापतो. तू मले "जिद्दी टेलर" म्हणे, मी तुले "वकिलीण" म्हणो, अन् ते भांडण तसंच राह्यलं.

तुझी जीभ तं काही थांबली नव्हती वाढायची. विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली एक दिवस. "बाबा, पुस्तकात माझं नाव हाये. रेणू म्हणजे लय बारीक, डोळ्याले दिसत नाही असा. तुमाले मालूम होतं का ठेवताना?" मी म्हणलं, माहूरच्या रेणुकेवरून ठेवलं, तुझ्या पुस्तकावरून नाही. मंग दहावीत तो अनुवंशाचा धडा आला. तू तो धडा मायसमोर, ताईसमोर, मोठ्यानं वाचला. अन् पुस्तक मिटून म्हणली, "ताईचं लगन गजूदादासंग करू नोका. करायचंच असंल तं आधी दोघायचं रक्त तपासा. हैदराबादच्या मॅडमनंही सांगितलं होतं, तुमी ऐकलं नाही." ताई लाजून आत पळाली. माय भाकऱ्या थापत होती, तिनं मान वर केली नाही.

अन् मंग तू मले विचारलं. हासत हासत विचारलं, पण विचारलं. "बाबा, तुमी दोघायनं लगन केलं नसतं तं मी झालीच नसती ना? मंग ते चांगलं झालं असतं का वाईट?"

मी म्हणलं, "जेवून घे."

"सांगा ना."

"भाकर थंडी होऊन राह्यली, जेव."

तू जेवली. दुसऱ्या दिवशी तू विसरली असं मले वाटलं. हिवाळ्यात तुले सर्दी झाली, ती छातीत उतरली, अन् पुढं तुझं बोलणंच कमी झालं.

इतकं लिहून ठेवलं होतं. आज रविवार, आत्या येऊन गेली.

मी पाट देला, पाणी देलं. ती बसल्याबरोबर म्हणे, "मंग? कोणता महिना पकडू?" मी म्हणलं, "बाई, आधी दोघायचं रक्त तपासून घेऊ. गजूचं अन् वंदीचं. मंग पाहू."

"रक्त? माझ्या पोराचं रक्त तू तपासतं? काऊन, काय कीड हाये का आमच्या रक्तात?"

"तुझ्या एकटीच्या नाही. आपल्या. माझ्यात हाये, ते मालूम हाये. तुझ्यातही असंल, गजूतही असंल. वंदीत तं असायचीच भीती जास्त."

"कोण म्हणते?"

"रेणू म्हणे."

 मंग ती उठली. माझी बहीण कधी माझ्यावर ओरडली नाही रेणू, आजही नाही ओरडली. हळूच म्हणली, "मी तुह्यं लगन मामाच्या घरी लावलं, ते पाप केलं म्हणतं तू. म्हणजे ते लेकरू व्हायलेच नोको होतं, असंच ना?"

दारात तुझी माय चहाचे कप घेऊन उभी होती. ती माझ्याकडे पाहून राह्यली. आत्याही माझ्याकडे पाहून राह्यली. अन् मले दिसलं का वंदीसाठी एकदा "नाही" म्हणलं का ते "नाही" मागं जाते, आमच्या मांडवापर्यंत जाते, तुझ्यापर्यंत जाते. तरी मी म्हणलं. "तपासल्याशिवाय वंदीचं लगन तिथं होणार नाही बाई."

"आमी तपासून घेणाऱ्यायपैकी नाही," म्हणे अन् निंघाली. चहा घेतला नाही. मी तिच्यामागं बसस्टँडपर्यंत गेलो. बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, पण माझ्याकडे पाह्यलं नाही. ज्या बाईनं मले माय होऊन वाढवलं ती आता ह्या घरी येणार नाही, मले मालूम हाये.

घरी आलो तं तुझी माय तसेच कप घेऊन चुलीपाशी बसलेली. चहावर साय धरली होती. मी म्हणलं, "वंदीसाठी म्हणलो मी ते." ती म्हणे, "बरोबर म्हणले. वंदीसाठी मीही तेच म्हणलं असतं." मंग कप खाली ठेवून म्हणे, "पण मले आता कोणी विचारलं ना, पुन्हा त्या मांडवात उभी राह्यतं का म्हणून, सारं मालूम असून, तं मी उभी राहीन. मले माझी रेणूच पाह्यजे." अन् पहिल्यांदा, हैदराबादेनंतर पहिल्यांदा, ती माझ्यासमोर मोकळी रडली.

मीही उभा राहीन, पोरी. हेच तुझ्या त्या सवालाचं उत्तर होतं, भाकर पुढं सरकवून मी जे गिळलं ते. चांगलं झालं असतं का वाईट, ते तुझ्या पुस्तकाले विचार. मी तं पुन्हा तेच करीन. तुझी बोटं वाकतीन, तुले हात वर करता येणार नाही, श्वास पुरणार नाही, हे सारं मालूम असून मी तुले पुन्हा बोलावीन, कारण मले तू पाह्यजे. दुखलं तं तुले, अन् पाह्यजे मले. असा बाप हाये तुझा. तू ह्याच्यावर हासली असती का चिडली असती, का माझ्याशी बोलणंच सोडलं असतं, हे आता मी कोणाले विचारू?